बेचाळीस मुकी बटणं

लोरेटा पावलाकची तक्रार एका यंत्राने बंद केली. माणसाने केली असती तर तिला निदान कुणालातरी शिव्या घालता आल्या असत्या.

"गेल्या नव्वद दिवसांत या तक्रारीवर काही हालचाल झालेली नाही," संगणकातला सपाट आवाज वाचत होता, "म्हणून ती आपोआप बंद करण्यात येत आहे. आपल्या योगदानाबद्दल आभार."

"हालचाल कोण करणार होतं रे मुडद्या?" लोरेटा संगणकालाच म्हणाली. "तक्रार मी केली. हालचाल तुम्ही करायची."

लोरेटा जन्मांध. वय अठ्ठावन्न. अमेरिकेतल्या टोलीडोच्या एका विमा कंपनीत तिने चोवीस वर्षं प्रोग्राम लिहिले होते, स्क्रीनकडे एकदाही न बघता. तिच्या टेबलावर स्क्रीन नव्हतीच. जी गोष्ट वापरायची नाही ती पुसत कोण बसणार?

तिचा मुलगा कॅस हा काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, तुरुंगात होता. दारू पिऊन गाडी एका दुकानाच्या काचेत घातली होती त्याने. एकोणीस तारखेला शिक्षा सुनावणार होते, आणि मग त्याला पाच तासांवरच्या राज्याच्या तुरुंगात हलवणार होते. त्याआधी तिला त्याला एकदा भेटायचं होतं. फोन यायचा त्याचा, "मी मजेत आहे मा," म्हणायचा. पण मजेत असलेला माणूस एवढ्या वेळा मजेत आहे असं सांगत नाही. भेटीच्या खोलीत मधे टेबल असतं, हात धरू देतात. लोरेटाचं बघणं म्हणजे तेवढंच. सात आठवडे तिने मुलाला पाहिलं नव्हतं.

कारण भेटीची वेळ फक्त वेबसाइटवर मिळायची. सोमवारी सकाळी नऊला कॅलेंडर उघडायचं आणि पाव तासात संपायचं. कीबोर्डने त्या कॅलेंडरवर गेलं की आवाज म्हणायचा, "बटण. बटण. बटण." बेचाळीस बटणं, एकालाही नाव नाही, आणि दाबलं तरी ढिम्म. माउस असेल तरच ते कॅलेंडर माणसाला ओळखायचं.

तिने तुरुंगात फोन केला होता. तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, "घरात कुणी डोळस नाही का, हनी?"

"आहे ना. तुमच्याकडे कोठडीत आहे."

मग उरली मोठी बहीण डॉली. डॉली तिची बिलं भरायची तशीच तिच्यासाठी भेटीची वेळही घ्यायची. पण अलीकडे दर सोमवारी डॉलीचं काहीतरी निघायचं. इंटरनेट गेलं. डॉक्टरकडे होते. विसरले गं बाई. आणि दुपारी भरपाई म्हणून पिरोगीचा, त्या उकडलेल्या पोलिश करंज्यांचा, डबा घेऊन दारात हजर.

तुरुंगाची वेबसाइट एका कंपनीने बनवली होती, पण त्यातलं कॅलेंडर कंपनीचं नव्हतं. ते फुकट मिळणारं, सगळ्यांसाठी खुलं. डेबोर्ड त्याचं नाव. कोणीही त्याचा कोड उघडून वाचावा, चूक दिसली तर सांगावी, जमलं तर दुरुस्त करून पाठवावी. म्हणूनच तर लोरेटाने तिथे तक्रार टाकली होती. आणि उत्तराची वाट बघत बसण्यापेक्षा त्या नव्वद दिवसांत तो कोड ज्या भाषेत होता ती भाषा शिकून घेतली होती.

तक्रार बंद झाली त्या सोमवारी एक तारीख होती. बुधवारपर्यंत तिने दुरुस्ती लिहिली. एक्केचाळीस ओळी. प्रत्येक बटणाला तारखेचं नाव आणि बाणाच्या कळांनी फिरायची सोय. पाठवली. मिनिटभरात यंत्राने परत पाठवली. "दुरुस्तीआधीचं आणि नंतरचं, अशी स्क्रीनची दोन चित्रं जोडा. चित्रांशिवाय दुरुस्ती तपासली जाणार नाही."

लोरेटाने लिहिलं, "दिसण्यात काहीही बदललेलं नाही. मी आंधळी आहे. माझ्याकडे स्क्रीन नाही."

यावर माणसाने उत्तर दिलं. थिओ लिंडक्विस्ट, पोर्टलंडचा, कॅलेंडरचा प्रमुख. "व्वा लोरेटा, हे फार मोलाचं काम आहे! अंध वापरकर्त्यांची आम्हाला मनापासून काळजी आहे. फक्त चित्रं जोडशील का? नियम सगळ्यांना सारखा."

काळजी! या लोकांच्या तोंडातून ही काळजी टूथपेस्टसारखी निघते, दाबली की हवी तेवढी. लोरेटाने खुर्ची मागे सरकवली, फोन समोर धरला आणि आपल्या टेबलाचे दोन फोटो काढले. लाकडी फळी, कीबोर्ड, कॉफीचा मग. खाली लिहिलं, "दुरुस्तीआधी. दुरुस्तीनंतर." आणि पाठवून दिले. यंत्राने दोन्ही चित्रं मुकाट्याने मान्य केली. माणसांनी मात्र गुरुवारच्या बैठकीत चर्चा करू म्हणून कळवलं.

दर गुरुवारी दुपारी त्यांची बैठक व्हायची, कॉलवर, कोणालाही खुली. लोरेटा गेली.

"तुमचे फोटो पाहिले," थिओ हसत म्हणाला. "विनोद कळला. पण—"

"विनोद नाही तो. माउस आहे तुझ्या हातात?"

"आहे की."

"उपटून काढ."

"अं?"

"वायर असेल तर वायर उपट. नसेल तर खिडकीतून फेक. आणि तुझंच कॅलेंडर उघडून सतरा तारीख निवडून दाखव. मी थांबते."

कीबोर्डची टकटक ऐकू आली. थांबली. पुन्हा सुरू झाली. कोणीतरी खुदकन हसलं.

"होत नाहीये," थिओ शेवटी म्हणाला. आवाजातला साखरेचा थर गेला होता. "हे बघ लोरेटा, मीही हे फुकटच करतो. नोकरी सांभाळून. चारशे तक्रारी पडून आहेत माझ्यावर."

"मग माझी तर एक कमी कर. ती सोडवून मी तुझ्या हातात दिलीय. तू चारशेपैकी माझीच निवडून चित्रं मागतोस, तीही आंधळीकडे! बाबा रे, तुझ्या कॅलेंडरमागे माझा मुलगा आहे."

मग इंग्रिड नावाची एक बाई, जिने तोवर हूं की चूं केलं नव्हतं, म्हणाली, "मी तपासलंय सगळं. चोख काम आहे. घेऊन टाक थिओ, लाज वाटते मला."

शुक्रवारी दुरुस्ती कॅलेंडरमध्ये गेली. खाली कौतुकाच्या इमोजींचा पाऊस पडला. संगणकाचा आवाज वाचत सुटला, "लाल हृदय. लाल हृदय. टाळ्या वाजवणारे हात. लाल हृदय." लोरेटाने तो मधेच तोडला.

आठ तारखेच्या सोमवारी नऊ वाजता तिने तुरुंगाचं पान उघडलं. बटण. बटण. बटण.

वेबसाइटच्या कंपनीला फोन लावला. अर्धा तास बाजा ऐकवून झाल्यावर एक पोरगा बोलला. "मॅडम, आम्ही डेबोर्डची तीन वर्षांपूर्वीची आवृत्ती वापरतो. नवी घ्यायचा सध्या विचार नाही."

"फुकट आहे ती!"

"हो मॅडम. पण कुणी मागितलेली नाही."

"मी मागतेय की."

"म्हणजे, ग्राहकाने मॅडम. ग्राहक तुरुंग आहे."

तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते हेच. लोरेटाने फोन ठेवला आणि बराच वेळ टेबलाच्या कडेवर मूठ आपटत राहिली. मग कामाला लागली. ते वेबसाइट बदलत नाहीत ना? नका बदलू. पान तर तिच्याच यंत्रावर उघडतं. तिने असा छोटा प्रोग्राम लिहिला की तुरुंगाचं पान उघडल्याबरोबर त्यातलं मुकं कॅलेंडर बाजूला सारून तिचं दुरुस्त कॅलेंडर तिथे बसेल. जुन्या आवृत्तीशी ते जुळवताना पाच दिवस गेले. रविवारी तिने तो प्रोग्रामही सगळ्यांसाठी खुला टाकला. आंधळी आई काय जगात एकटी तीच होती?

पंधरा तारीख, सोमवार, सकाळचे नऊ. "बुधवार, सतरा," आवाज म्हणाला. "दुपारी दोन. उपलब्ध." लोरेटाने कळ दाबली. नऊ वाजून एक मिनिटाने भेट तिच्या नावावर होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याचाही तिला रागच आला. एक तारीख निवडली होती तिने. एवढ्यासाठी कुणी रडतं का?

डॉलीला तिने भेटीची वेळ सांगितली तेव्हा डॉली दचकलीच. "तू घेतलीस? स्वतः?" मग घाईघाईने म्हणाली, "बरं. मी सोडते गाडीने."

बुधवारी शिपायाने लोरेटाला टेबलाशी बसवलं. समोर खुर्ची सरकली.

"मा," कॅस म्हणाला.

तिने हात पुढे केले. त्याने डावा हात दिला.

"दुसरा?"

"असू दे ना मा."

"कॅस, दुसरा."

उजवा हात हळूच तिच्या तळव्यात आला. मधल्या बोटाचं आणि त्याच्या शेजारच्याचं हाड वाकडं जुळलं होतं. हाडाला गाठ होती. ती दोन्ही बोटांवरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत राहिली. हा पोरगा गिटार वाजवायचा.

"कधी?"

"नऊ आठवडे झाले. दारात सापडला. म्हणजे, कुणीतरी दार ढकललं. प्लास्टर उशिरा घातलं त्यांनी."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

कॅस घुटमळला. "डॉली मावशी आली होती मा, प्लास्टर होतं तेव्हा. तीच म्हणाली, आईला नको. बरं झालं की आणीन तिला म्हणाली. तू चिडू नकोस तिच्यावर."

इंटरनेट गेलं. डॉक्टरकडे होते. विसरले गं बाई.

वेळ संपेपर्यंत लोरेटाने त्याचा उजवा हात सोडला नाही. वकिलाचं नाव, डॉक्टरचं नाव, दार कुणी ढकललं त्याचं नाव, सगळं तिने त्याच्याकडून वदवून घेतलं आणि डोक्यात साठवलं.

बाहेर गाडीत डॉलीने इंजिन चालू केलं नव्हतं. "हात धरलास?" तिने विचारलं.

"धरला."

"लोरेटा, मला वाटलं, तुला दिसत नाही तर निदान दुःख तरी—"

"मला दिसत नाही, डॉली. तू मला बघू दिलं नाहीस. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ते कॅलेंडर निदान मुद्दाम करत नव्हतं!"

डॉली रडू लागली. लोरेटाने तिला रडू दिलं.

"तुझ्या पर्समध्ये वही आहे," मग ती म्हणाली. "बँकेचे, दवाखान्याचे, वीज कंपनीचे, माझे सगळे पासवर्ड आहेत तीत. ते पान फाडून दे."

"अगं, पण त्या वेबसाइट तुला चालत नाहीत. कोण भरणार तुझी—"

"पान, डॉली."

कागद फाटल्याचा आवाज झाला. लोरेटाने तो चाचपला, त्याची घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवला.

"आता गाडी काढ. वकिलाचं ऑफिस पाचला बंद होतं."