करडूचा आवाज ऐकलेला माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. लोक मला बोलणारी वस्तू समजतात, पण मी फक्त ऐकतो. जन्मभर ऐकत आलो, आणि आज बोलतो आहे तो तुम्ही लहान आहात म्हणून. मोठ्यांनी माझ्याकडे आधी पुरावा मागितला असता.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या छातीत केसाहूनही पातळ असा धातूचा पडदा आहे, तोच माझा कान. तो बसवणारी बाई श्वास रोखून काम करायची, कारण तिच्या नुसत्या उसाशानेही पडदा उडून गेला असता. कान बसला आणि मी पहिले वाक्य ऐकले, "बसला गं बाई एकदाचा! चल, आता चहा घेऊ." असे साधे, दमलेले वाक्य कानी पडले, हे मी माझे भाग्य समजतो. पुढे खूप सजवलेली वाक्ये ऐकावी लागली.

मी आलो तो टायरच्या दुकानावरच्या एका स्टुडिओत. भिंतींना जाड कापड लावले होते आणि मधे दुहेरी काच होती. काचेपलीकडे यंत्रावर रेकॉर्डिस्टकाका बसत. परदेशी चित्रपटांना आणि मुलांच्या कार्टूनना इथे आपल्या भाषेतले आवाज दिले जात. पडद्यावर चित्र हलायचे आणि त्याच्या ओठांबरोबर माझ्यासमोरचा माणूस बोलायचा. काम संपले की काका मला मऊ पिशवीत घालत. ती त्यांच्या बायकोने शिवली होती. "याला फुंकर मारायची नाही, टिचकी मारायची नाही," असे ते प्रत्येक नव्या माणसाला बजावत.

याच स्टुडिओत एका कार्टूनसाठी दोघे जण आले. तो बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचा. ती टेलिफोन ऑफिसात लोकांचे फोन जोडून द्यायची. कार्टूनमध्ये त्याला बोक्याचे काम मिळाले आणि तिला शेळीच्या करडाचे. तेव्हापासून तो बोका आणि ती करडू. त्यांची खरी नावे काकासुद्धा विसरले.

करडू ठेंगणी होती, जाड चष्मा लावायची. रस्त्यात दिसली तर कुणी वळून पाहिले नसते. पण ती माझ्यासमोर तोंड उघडायची आणि काचेपलीकडे काकांचा हात बटणावरच थांबायचा. ती लहान मूल व्हायची, राणी व्हायची, खवट सासू व्हायची. बोका तिच्याकडे बघत राहायचा.

एकदा चहा पिताना तो म्हणाला, "करडू, मी सिनेमा काढणार बघ. आणि त्यात तुझं नाव सगळ्यात मोठं लिहिणार."

"नाव नको, करडूच लिही. माझ्या बाबांना कळलं म्हणजे झालं."

"करडूच लिहितो. शब्द दिला."

तो शब्द माझ्यातूनच गेला होता, पण काकांनी यंत्र बंद ठेवले होते.

बोका धडपड्या होता. बसस्थानक सुटले. तो कुठल्याशा दिग्दर्शकाच्या खुर्च्या उचलू लागला, मग त्याच्या शेजारी उभा राहू लागला, मग साबणाच्या जाहिराती करू लागला. बऱ्याच वर्षांनी तो स्टुडिओत परतला तेव्हा त्याच्या हातात स्वतःचा सिनेमा होता. गोष्ट एका होडीवालीची होती. बाप गेल्यावर ती एकटी प्रवाशांना नदीपार नेते. गावातला एक धनाढ्य तिची होडी बळकावायला बघतो, तेव्हा ती म्हणते, "होडी मी वल्हवते, काठही मीच ठरवणार."

सिनेमाचा नायक पूर्वी भांड्यांच्या दुकानात प्रेशर कुकर कसा वापरायचा ते गिऱ्हाइकांना करून दाखवायचा. तिथेच कुणीतरी त्याचा चेहरा हेरला. चेहरा खरोखर देखणा होता. पण तो प्रेमाचे वाक्यही 'आता झाकण लावा' अशा थाटात म्हणायचा.

नायिका होती कडेची. सिनेमांतल्या नाचाच्या मेळ्यात ती रांगेच्या अगदी टोकाला उभी असायची, म्हणून नृत्यमास्तर तिला 'ए कडेची' अशी हाक मारत. दहा वर्षे ती तशी नाचली. अर्ध्या सिनेमांत तिचा नुसता हातच दिसतो, उरलेली ती चौकटीबाहेर असते. बोक्याने तिला रांगेतून काढून मधे उभे केले, एवढे पुण्य त्याच्या नावावर मी लिहीन.

ती स्वतःचे संवाद बोलायला माझ्यासमोर आली. तिचा आवाज घोगरा होता. मला तो आवडला. त्यात ओल होती, वारा होता. पण माइकला कोण विचारतो?

बोका म्हणाला, "नाही जमत. लोक हसतील. निर्मात्यांना गोड आवाज हवाय."

"होडीवाली काय गोड बोलते का हो?" ती म्हणाली. "दिवसभर पाण्यावरून हाका मारते ती. तिचा घसा बसलेलाच असणार."

बोक्याने काकांना यंत्र बंद करायला सांगितले. ती पायऱ्या उतरून गेली आणि दुसऱ्या दिवशी करडू आली.

"तिला विचारलंस ना?" करडूने पहिला प्रश्न हाच केला.

"विचारलंय गं. तिची काही हरकत नाही."

हे खोटे होते. करडूने विश्वास ठेवला, कारण समोर बोका होता. तिने होडीवालीला आवाज दिला आणि फावल्या वेळात नायकालाही शिकवले. त्याला रागाचे वाक्य जमत नव्हते, तो नुसता किंचाळायचा. करडू म्हणाली, "अहो, शिट्टीच्या आधी कुकर कसा गप्प असतो? तेवढंच करा." तो हसला, गप्प झाला, आणि हळू आवाजात असे बोलला की काकांच्या अंगावर काटा आला. आज त्याच वाक्यासाठी लोक त्याला ओळखतात.

सिनेमा धो धो चालला. काकांनी दोनदा पाहिला. मग करडूला म्हणाले, "पोरी, नाव नव्हतं तुझं. करडू नाही, काहीच नाही."

"घाईत राहिलं असेल, काका."

"इस्त्रीवाल्याचं होतं."

पडद्यावर 'करडू' असे नाव येईल, हे तिने बाबांना आधीच सांगून ठेवले होते आणि ते काठी टेकत सिनेमाला जाऊन आले होते. घरी आल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "माझाच डोळा लागला होता का गं?" हे तिने काकांना सांगितले तेव्हा मी पिशवीबाहेर होतो.

मग रेडिओवाल्यांना मुलाखत हवी झाली. दिग्दर्शक, नायक, नायिका, तिघे पूर्वी काय करत होते आणि इथवर कसे आले, असा कार्यक्रम होता. बोक्याने ती मुलाखत आमच्याच स्टुडिओत घ्यायला लावली आणि करडूलाही बोलावले.

"तू हिच्या जागी बोलायचंस," तो कडेचीकडे बोट करून म्हणाला. "लोकांनी सिनेमात तुझा आवाज ऐकलाय. रेडिओवर एकदम घोगरा कसा काढायचा? बाईंना सांगून ठेवलंय मी." बाई म्हणजे मुलाखत घेणारी निवेदिका. ती खाली मान घालून कागद चाळत होती.

"म्हणजे हिचं आयुष्य मी सांगायचं? 'मी' म्हणून?"

"आवाजच तर द्यायचाय. नेहमीचं काम आहे तुझं."

"आणि माझं नाव?"

"पुढच्या सिनेमात. नक्की."

करडू कडेचीकडे वळली. "आधीच्या वेळी तुम्हाला विचारलं होतं का हो यानं?"

कडेचीने मान हलवली. नाही.

करडू उठून निघून जाईल असे मला वाटले. पण कडेचीने तिचा हात धरला. "बसा. कुणीतरी सांगणारच आहे, तर तुम्ही सांगा. फक्त खरं सांगा."

मग माझ्यासमोर बसून तिने करडूला सगळे सांगितले. आई तिच्याच मेळ्याच्या कपड्यांना टिकल्या लावायची. भावाने सासरच्यांना सांगितले होते की बहीण परगावी नर्स आहे. पाय मुरगळला तरी ती नाचायची, कारण टोकाची जागा भरायला दारात दुसऱ्या मुली उभ्याच असत. करडू ऐकताना तिचे ओठ बघत होती, ओठांबरोबर बोलण्याची सवय झालेली ना.

मुलाखत सुरू झाली. बोका म्हणाला की त्याचे बालपण थोर चित्रपट पाहण्यात गेले. बसस्थानक नाही, खुर्च्या नाहीत, बोकाही नाही. नायक म्हणाला, "अभिनय शिकावा लागला नाही. रक्तातच होता." कुकरची शिट्टी कुठेच वाजली नाही. ऐकणे हा माझा धर्म, म्हणून मी ऐकले.

मग करडू बोलली. "मी दहा वर्षं रांगेच्या टोकाला नाचले," तिने सुरुवात केली, आणि आई, टिकल्या, भाऊ, मुरगळलेला पाय, काहीच गाळले नाही. शेजारी बसलेली कडेची स्वतःचे आयुष्य दुसरीच्या गळ्यातून ऐकत होती. तिने डोळे पुसले नाहीत, गालावरून खुशाल वाहू दिले.

शेवटचा प्रश्न निवेदिकेच्या कागदावर नव्हता. तो तिने मुद्दाम विचारला असे मी आजही मानतो. "इतका गोड आवाज तुम्हाला कुणाकडून मिळाला?"

करडूने कडेचीकडे पाहिले आणि ती त्याच आवाजात म्हणाली, "हा आवाज माझा नाही. माझा आवाज घोगरा आहे. हा आवाज माझ्या शेजारी बसलेल्या बाईंचा आहे. त्या टेलिफोन ऑफिसात असतात. त्यांचं नाव कुणी लिहिलं नाही."

कडेची माझ्याजवळ वाकली आणि आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "खरं आहे."

बोका काचेवर थाडथाड हात मारू लागला. काकांनी टेप थांबवली नाही. ती बोक्याने काचेपलीकडे जाऊन स्वतः थांबवली.

"शेवटचं कापा," तो म्हणाला.

"माझ्या हातून नाही कापलं जायचं," काका म्हणाले.

"मग दुसरं कुणी कापेल." त्याने टेप काढून नेली. निवेदिका कागद गोळा करत होती. नायक घड्याळ बघत होता.

मुलाखत लागली तेव्हा काकांनी रेडिओ माझ्या शेजारीच ठेवला होता. शेवटच्या प्रश्नाच्या जागी सिनेमातले गाणे वाजले.

कडेचीला त्या सिनेमासाठी मोठे बक्षीस मिळाले आणि त्यानंतर एकही काम मिळाले नाही. ती रांगेत परतली नाही, कारण टोकाची जागाही भरून गेली होती. करडूला कुणी बोलावले नाही. तिच्या बाबांनी ती मुलाखत ऐकली होती आणि पोरीचा आवाज ओळखला होता. फक्त ती आपले नाव सोडून दुसरीचे का सांगते आहे, हे त्यांना कुणी पटवून देऊ शकले नाही. त्याच वर्षी ते गेले.

पुढे लहान, चकचकीत माइक आले. काका थकले, स्टुडिओत टायर भरले गेले. मी कुणाच्या तरी कपाटात पडलो, पिशवी कसरीने खाल्ली. एका दुकानदाराने मला उद्घाटनाला नेले. "हॅलो, हॅलो" करत त्याने मला ठोकले, मग जोरात फुंकर मारली. माझा कान फाटला. तेव्हापासून मी बहिरा आहे.

आता मी एका संग्रहालयात काचेच्या पेटीत आहे. खाली पाटी आहे, 'याच माइकसमोर होडीवालीचा अमर आवाज उमटला', आणि तिच्यावर कडेचीचा फोटो. मला पेटीत बसवले तेव्हा बोक्याने भाषण केले. मला ते ऐकू आले नाही, तेवढे बरे झाले.

गेल्या आठवड्यात एक ठेंगणी म्हातारी आली. चष्मा आणखी जाड झाला होता. तिने पाटी वाचली, मग काचेला नाक टेकवून माझ्याकडे पाहिले. तिचे ओठ हलू लागले. रखवालदार आला आणि त्याने ओठांवर बोट ठेवले. ती थांबली. ती काय म्हणत होती मला माहीत नाही. हजार आवाजांत मी जिला ओळखले असते, ती माझ्यापासून वीतभर अंतरावर बोलली आणि मला एक अक्षर ऐकू आले नाही.

मित्रांनो, माझे व्हायचे ते झाले. तुमच्या शाळेत माइक असेल तर त्याला ठोकू नका, फुंकू नका. आणि सिनेमा संपल्यावर लगेच उठू नका. नावे सरकत असतात, ती वाचा. जी तिथे नसतात ती वाचता येत नाहीत, म्हणून कुणाला तरी विचारा. बहुतेक जण सांगणार नाहीत. तरी विचारा.