छत्रीबाईचा भोंगा

मैदानाच्या म्हाताऱ्या माळ्याला आपल्या गुडघ्यांचा भारी अभिमान. पाऊस यायचा असला की आदल्या दिवशीच ठणकायचे. त्या दुपारी मात्र ते गपगार होते आणि आभाळही लख्ख. फुटबॉलचा अंतिम सामना रंगला होता, पत्र्याच्या गॅलरीत सहाशे माणसं होती, आणि खेळ संपायला उरली होती जेमतेम दहा मिनिटं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती शहराच्या आपत्ती कक्षाची प्रमुख.

"बाबा, भोंगा वाजवा. मैदान रिकामं करायचं."

"अगं, इथे ऊन पडलंय!"

"डोंगरामागे विजा पडतायत. वीज पडली की माझ्या नकाशावर ठिपका उमटतो. मघाशी ठिपके वीस किलोमीटरवर होते, आता दहावर आलेत. तुमच्याकडेच सरकतायत."

माळ्याला धास्ती वाटली, पण ती विजेची नव्हे. गेल्या महिन्यात तिने असंच मैदान रिकामं करायला लावलं आणि मेला एक थेंब पडला नाही! तेव्हापासून जो तो तिला 'छत्रीबाई' म्हणायचा. आज पुन्हा तसंच झालं, तर तिच्या शब्दाला कोण काडीची किंमत देणार?

"दहा मिनिटं थांबू या का गं?" तो हळूच म्हणाला. "सामना संपला की जातील आपसूक. तुझं नाव नको यायला."

"हसू देत मला. ते मी बघून घेईन. पण बाबा, पत्र्याखाली माणसं आहेत. वाजवा!"

त्याने वाजवला. मग काय विचारता! सहाशे तोंडं एकदम सुटली. "छत्रीबाईला दुसरा उद्योग नाही का?" असं एक जाड्या गळा ताणून ओरडला. माळ्याच्या अंगाचा तिळपापड झाला, पण हात थांबले नाहीत. "चला, चला! शिव्या आत गेल्यावर द्या!" म्हणत त्याने सगळ्यांना शेजारच्या शाळेच्या पक्क्या इमारतीत पिटाळलं. एका आजीबाईंची खुर्चीही त्यानेच उचलली.

शेवटचा माणूस आत आला तेव्हा डोंगरावर काळा ढग नुकता डोकावत होता. पाऊस नाही, वारा नाही. आणि कडाड्! गॅलरीला खेटून असलेला दिव्याचा खांब उभा चिरला, पत्रा काळाठिक्कर पडला. रिकाम्या बाकांवरून धूर निघाला.

मग तोच जाड्या चाचरत म्हणाला, "ही छत्रीबाई... आहे तरी कोण हो?"

"माझी थोरली!" माळी म्हणाला. छाती अशी फुगली, की सदऱ्याचं बटण तुटायचंच बाकी होतं.

फोन पुन्हा वाजला. "बाबा, सगळे आत आहेत ना?"

"एकूण एक."

पलीकडे तिने मोठा श्वास सोडला. "आणि तुमचे गुडघे काय म्हणतायत?"

"त्यांना काय कळतंय, कप्पाळ!" डोळे पुसत तो मागे वळला. आता सगळे एकदम बोलायला लागले होते, तिचा आवाज नीट ऐकू येईना. "अरे, गप्प बसा जरा! माझ्या छत्रीबाईचा फोन आहे!"

आणि ती सहाशे माणसं गप्प बसली.