पाठवणीतल्या नऊ सेकंदांची गोष्ट

लग्नाची तीन मिनिटांची फिल्म पाठवून प्राचीला आठवडा झाला होता. काही निरोप आला नाही म्हणजे आवडली, असं ती धरून चालली होती. त्यामुळे सकाळी नवरदेव केतनचा फोन आला तेव्हा तो आभार मानायलाच असेल असं तिला वाटलं.

"प्राचीताई, ती फिल्म आता कुठूनच मागे घेता येणार नाही ना?" केतनने विचारलं. त्याचा आवाज दमलेला होता. "उरणला सासरवाडीत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतेय, फार बोलणं झालंय. समृद्धी धड जेवत नाहीये."

"का रे? काय झालं?"

"पाठवणीतला माझ्या आईचा चेहरा. तुम्हीच बघा एकदा."

पनवेलच्या बाजारपेठेत, एका औषधांच्या दुकानावरच्या खोलीत प्राचीचा स्टुडिओ होता. बारा वर्षं ती लग्नांचं शूटिंग आणि एडिटिंग करत होती. तिने फिल्म लावली आणि पाठवणीपाशी आणली.

आधी समृद्धीचे वडील दयाराम. उरणच्या बंदरातून चाळीस वर्षं होडी चालवलेला हा माणूस लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होता. चित्र संथ केलेलं, मागे सनई. मग नवऱ्या मुलाची आई, सोनाबाई. डोळे बारीक, ओठ घट्ट मिटलेले, नजर तिरकी. मागचं सगळं धूसर, त्यामुळे डोळ्यांसमोर तेवढा चेहराच राहत होता. मग पुन्हा दयाराम, उपरण्याने तोंड पुसताना. तिन्ही मिळून नऊ सेकंद.

हे तिने पन्नास वेळा तरी पाहिलं असेल, पण उरणच्या माणसाच्या डोळ्यांनी आज पहिल्यांदाच पाहिलं. बाप रडतोय आणि विहीण त्याच्याकडे तुच्छतेने बघतेय. दुसरा काही अर्थ लागतच नव्हता.

तिला आठवलं, दयारामांचा तो शॉट मध्येच हलला होता. हललेला तुकडा कापल्यावर मधे काहीतरी घालायला हवं होतं. सोनाबाईंचा चेहरा रेखीव होता, त्यावर बाजूने छान उजेड पडला होता, म्हणून तिने तो उचलून तिथे बसवला. खोटं असं काहीच केलं नव्हतं. रडणं खरं होतं, चेहराही खरा होता. आणि तरी दोन्ही शेजारी ठेवल्यावर जे दिसत होतं ते घडलेलंच नव्हतं.

तिने मूळ फुटेज काढलं. सोनाबाईंचा तो शॉट सकाळी साडेअकराचा होता. पाठवणी झाली चारनंतर. हॉलच्या मागे चौघे जण भाताचं भलंमोठं पातेलं चुलीवरून उतरवत होते आणि सोनाबाई श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होत्या.

दुपारी ती रोडपालीला गेली. केतनच्या घरच्यांचं जिथे शेत होतं तिथेच आता त्यांची पाच मजली इमारत उभी होती. सोनाबाई गॅलरीत सुकट निवडत बसल्या होत्या. प्राचीने सगळं सांगितलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं.

"माझा चेराच तसा हाय गो," सोनाबाई म्हणाल्या. "त्यात तुझा काय दोष? पातेलं सांडलं असतं तर दोनशे मानसं उपाशी ऱ्हायली असती. तवा काय हसत बघू?"

"काकी, मग पाठवणीच्या वेळी तुम्ही कुठे होतात? माझ्या कॅमेऱ्यात कुठेच दिसत नाही."

"होते तिथंच."

"काय करत होतात?"

"काय करनार? सगळे करतात तेच." आणि त्यांनी सूप झटकलं. विषय संपला होता.

आत स्वयंपाकघराच्या दारात समृद्धी उभी होती. प्राची निघाली तेव्हा ती जिन्यापर्यंत सोबत आली. "माझ्याशी त्या चांगल्या वागतात," ती हळूच म्हणाली. "पण माहेरी सांगितलं की आत्या म्हणते, तुला तसं बोलायला लावलंय."

स्टुडिओत परतल्यावर प्राचीला दुसऱ्या कॅमेऱ्याची आठवण झाली. हॉलच्या पायऱ्यांवर तिने तो उभा करून ठेवला होता, सगळं अंगण एका चौकटीत येईल असा. अशा लांबच्या दृश्यात माणसं बोटाएवढी दिसतात, म्हणून एडिटिंगच्या वेळी ती ते उघडतही नसे. आता तिने ते सुरुवातीपासून लावलं.

गर्दी गाडीभोवती जमली होती. दयाराम लेकीला बिलगले होते. रेटारेटीत त्यांच्या डाव्या पायातली चप्पल निघून मागे गेली आणि ते उन्हाने तापलेल्या फरशीवर एक पाय उचलून धरत उभे राहिले. कोणाचंच लक्ष नव्हतं. तेवढ्यात उजवीकडून हिरव्या नऊवारीतली एक बाई आली, वाकली, चप्पल उचलली, दयारामांच्या पायाशी सरळ करून ठेवली आणि पदराने डोळे टिपत गर्दीत मागे सरकली. त्या सोनाबाई होत्या.

नवऱ्या मुलाची आई मुलीच्या बापाच्या चपलेला हात लावते, हे प्राचीने बारा वर्षांत पाहिलं नव्हतं.

तिचा हात सवयीने चालला. तिने चित्र मोठं केलं, संथ केलं, सनई लावली. आता चौकटीत सोनाबाईंचा वाकलेला देह आणि पदर तेवढा राहिला. दयाराम बाहेर गेले, लेक बाहेर गेली. बघणाऱ्याच्या डोळ्यांत टचकन पाणी यावं असं झालं होतं. प्राची ते बघत बसली आणि तिच्या लक्षात आलं की आपण पुन्हा तेच करतोय. आधी कजाग विहीण बनवली, आता देवमाणूस बनवतोय. तिने केलेलं सगळं पुसून टाकलं आणि सोनाबाईंना फोन लावला.

चपलेचं दृश्य सापडल्याचं तिने सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या क्यामेऱ्यासाठी नाय वाकले मी. मानसाचा पाय भाजत होता." आणि पुढे म्हणाल्या, "उरनवाल्यांना दाखवायचं तर घरात दाखव. मोबाइलवर फिरवू नको."

दुसऱ्या दिवशी प्राची लॅपटॉप घेऊन उरणला गेली. दयाराम ओटीवर जाळं दुरुस्त करत होते. त्यांची बायको गंगाबाई आणि बहीण हौसा जवळच बसल्या होत्या. प्राचीने आधी सकाळचं भाताचं पातेलं दाखवलं, मग अंगणातलं ते लांबचं चित्र. न कापता, न मोठं करता, पूर्ण चार मिनिटं.

पहिल्यांदा कोणाला काही दिसलंच नाही. दयाराम आपल्याच रडण्याकडे ओशाळून बघत होते. गंगाबाई मात्र स्क्रीनजवळ सरकल्या.

"परत लाव," त्या म्हणाल्या. परत लावल्यावर त्यांनी बोट ठेवलं. "ही कोन वाकली? ही विहीणबाय ना?"

हौसाने हात झटकला. "ते पन हिनंच जोडलं असंल. तवा एक जोडलं, आता दुसरं जोडलं."

यात कुठेच काही कापलेलं-जोडलेलं नाही, हे प्राची सांगू शकत होती, पण तिच्या शब्दावर त्यांनी आता विश्वास का ठेवावा? ती मान खाली घालून म्हणाली, "आत्या, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. माझ्यामुळेच झालं हे."

दयारामांनी हातातलं जाळं बाजूला ठेवलं. "हौसे, गप ऱ्हा जरा," ते म्हणाले. "तिनं काय जोडलं ते मला ठाव नाय. पन माझा पाय माझा हाय. चप्पल गेली होती. पोळत होतं. मंग खाली बघतो तर चप्पल म्होरं सरळ ठेवलेली. मी समजलो, आपल्यातल्याच कोन्या पोरानं ठेवली."

गंगाबाई उठून आत गेल्या आणि चहा टाकला. हौसाने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि प्राचीला म्हणाली, "आनखी एकदा दाव." ती शेवटपर्यंत बघत राहिली. काही कबूल केलं नाही, पण प्राचीच्या बशीत दोन बिस्किटं जास्त ठेवली.

चहा झाल्यावर दयारामांनी प्राचीलाच फोन जोडून द्यायला सांगितलं. स्पीकरवर सोनाबाईंचा आवाज आला तेव्हा ते उगाचच उभे राहिले.

"विहीणबाय, दयाराम बोलतो. बरं हाय ना?"

"बरं हाय. तुमची होडी गेली का?"

"परवा येल. आल्यावर पापलेट पाठवतो." ते अडखळले. "नाय, पाठवत नाय. तुमीच या. पोरांना घेऊन या. आमी वाट बघतो."

"येतो की," सोनाबाई म्हणाल्या. "पन जेवनाचा घाट घालू नका. मी कालवन करीन, तुमी भाकरी करा."

गंगाबाई हसल्या. कोणाच्या हाताला चव जास्त, यावर फोनवरच दोघींची चर्चा सुरू झाली, आणि ती बराच वेळ चालली.