थोरलीची चिठ्ठी

पानगळ सुरू झाली की सगळ्यांना एकदम आपापल्या कोटांची आठवण होते, आणि ती आठवण हातात घेऊन सगळे थोरलीच्या दारात येतात. कुणाची चेन अडकलेली, कुणाचं अस्तर फाटलेलं, कुणाच्या पोटाने वर्षभरात इतकी प्रगती केलेली की गुंड्याच सरकवाव्या लागतात. थोरली म्हणजे घरातली थोरली सून. रस्त्याकडच्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं आणि या दिवसांत त्याला उसंत नसे.

नेमकं याच दिवसांत चर्चच्या पाळकसाहेबांनी मंडळीला सांगितलं, जरा सावकाश जगा. रविवारी कामं बंद ठेवा, घरच्यांबरोबर निवांत जेवा. आठवडाभर ज्या गोष्टींबद्दल देवाचे आभार मानावेसे वाटतील त्या चिठ्ठ्यांवर लिहून एका डब्यात टाका आणि रविवारी जेवणानंतर वाचा. चिठ्ठीवर नाव घालू नका, म्हणजे कुणी मिरवायला नको.

सांगणाऱ्याचं काय जातं, थोरली मनात म्हणाली. पाळकसाहेबांचा कोटही तिच्याकडेच होता, आणि तो त्यांना शुक्रवारच्या आत हवा होता.

पहिल्या रविवारी नवऱ्याने डबा उघडला. तो बस चालवायचा, त्यामुळे चिठ्ठ्यासुद्धा प्रत्येक थांबा घेत वाचायचा. "काकूने माझी वेणी घातली." मग जरा थांबून, "काकूबरोबर पानं गोळा केली." मग, "काकूने गोष्ट वाचून दाखवली." नाव नसलं म्हणून काय झालं? घरात काकू म्हणणारी एकच, थोरलीची दहा वर्षांची लेक. आणि काकू म्हणजे धाकटी, दिराची बायको. वरच्या मजल्यावर राहायची, वाचनालयात काम करायची आणि दुपारी दोनला मोकळी व्हायची.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. वेणी घालायला काय लागतं? वेळ लागतो. दुपारी दोनला मोकळी होणारी बाई वेणी घालेल नाहीतर काय करेल? पोरीला जन्म कुणी दिला, तापात रात्री कुणी काढल्या, आणि आभार कुणाचे? आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला सगळ्यांनाच जमतं.

चार रविवार झाले. थोरलीने मनातल्या मनात हिशेब ठेवला होता. काकूच्या सतरा चिठ्ठ्या, शेजारच्या मांजराच्या दोन, आईची एकही नाही. काकूचं तिने एक वेळ सोसलं असतं, पण मांजर तिला फार लागलं. शेजाऱ्याच्या कशाचाही लोभ धरू नको, ही बायबलमधली दहावी आज्ञा तिला पाठ होती. तिच्यात जावेचा उल्लेख नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

पाचव्या शनिवारी सकाळी घरात कुणी नव्हतं. लेकीचा कोट तीन आठवडे ढिगात पडून होता, अस्तर उसवलेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आज काहीही झालं तरी तो संपवायचा, असं थोरलीने ठरवलं, आणि ठरवल्यावर तिला राहवेना. तिने लेकीच्या वहीचं पान फाडलं, पेन्सिल डाव्या हातात धरली आणि वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, "आईने माझ्या कोटाला नवीन अस्तर लावलं." घडी घातली आणि डब्यात टाकली. कान गरम झाले होते, पण बरं वाटलं.

कोट हातात घेते तोच दारात एक बाई उभी. तिच्या नवऱ्याला पहाटे प्रवासाला निघायचं होतं आणि त्याच्या कोटाची बाही खांद्यापासून सुटली होती. तिच्यामागे आणखी दोघे. दिवस त्यातच गेला. लेकीचा कोट खुंटीवर गेला आणि चिठ्ठी डोक्यातून.

रविवारी चर्चहून आल्यावर सगळे जेवायला बसले. लेक सकाळी चर्चला काकूचा स्वेटर घालून गेली होती, बाह्या तीनदा दुमडून. तो अजून अंगावरच होता. जेवणं झाली, नवऱ्याने डबा उघडला, एक चिठ्ठी वाचली आणि दुसरी उचलली.

"आईने माझ्या कोटाला..." तो थांबला, पण थांबा चुकवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "नवीन अस्तर लावलं."

उघड्या दारातून शिवणाची खोली दिसत होती. समोर खुंटीवर लेकीचा कोट होता आणि त्याचं अस्तर खाली लोंबत होतं. दिराने पाण्याचा ग्लास उचलून तोंडासमोर धरला. धाकटीने ताटात पाहिलं. थोरलीला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला मशीनसकट पोटात घ्यावं.

"माझी आहे ती," लेक म्हणाली. "मी आधीच लिहून ठेवली. आई लावणारच आहे ना."

तिने आईकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढची चिठ्ठी काढायला बाबाला कोपराने ढोसलं. नवऱ्याने निमूटपणे पुढची वाचली. ती पानांबद्दल होती.

नंतर स्वयंपाकघरात थोरली भांडी विसळत होती आणि धाकटी पुसत होती. आता ही काहीतरी गोड बोलेल, थोरलीला वाटलं, आणि तेच सहन होणार नाही. त्यापेक्षा आपणच सांगून टाकलेलं बरं.

"ती चिठ्ठी मी लिहिली होती," ती म्हणाली.

"माहीत आहे, ताई."

"हस मग. मनातल्या मनात कशाला हसतेस?"

धाकटी हसली नाही. तेच ताट ती दुसऱ्यांदा पुसत होती. "माझ्या सतरा झाल्या," ती म्हणाली. "आजच्या दोन धरून एकोणीस. तुम्हीच मोजता असं वाटलं का तुम्हाला? मी तर वर नेऊन जपून ठेवल्यात. ती मला नेहमी खरंच लिहिते. वेणी घातली की वेणी, गोष्ट वाचली की गोष्ट. जेवढं केलं तेवढं."

"मग आणखी काय हवं?"

"माझ्यासाठी ती कधी खोटं बोलली नाही, ताई." धाकटीने ताट खाली ठेवलं. "सगळ्यांसमोर, डोळ्याची पापणी न हलवता. माझ्यासाठी बोलेल असं मला वाटतही नाही."

तो आवाज थोरलीने लगेच ओळखला. पाच आठवडे तो तिच्या स्वतःच्या पोटात बोलत होता. लेक आपली आहे या सुखाने ती आतून भरून आली होती, आणि ते सुख समोरच्या बाईला दिसू नये म्हणून तिने नळ मोठा सोडला.