सहकाऱ्याचा अभिप्राय

ड्रायव्हरने आरसा दोन बोटांनी खाली वाकवला, तेव्हा मागच्या काचेतून त्याला आधी रसायनशास्त्राचं पुस्तक दिसलं आणि मग त्याच्या वर एक कपाळ. रुग्णाला पोचवून रुग्णवाहिका रिकामी परतत होती. मागे बाकावर बसलेला परिचारक ओठ हलवत काहीतरी पाठ करत होता. पुढे गतिरोधक आला. ड्रायव्हरने तो मुद्दाम वेगात घेतला आणि पुस्तक पडल्याचा आवाज समाधानाने ऐकला.

केंद्रावर गाडी लागल्यावर परिचारक कपाळ चोळत पुढे आला.

“काय हो दादा?”

“खड्डा होता.”

“बारा वर्षांत तुमच्या हातून एक खड्डा चुकायचा राहिला नाही, आणि आज?”

“म्हातारा झालो. तुझ्यासारखी शाळेत जायची वयं आमची नाहीत आता.”

खरं सांगायचं तर ड्रायव्हरच्या पोटात दुखत होतं. पूर्वी गाडी रिकामी झाली की परिचारक पुढे येऊन शेजारी बसायचा, थर्मासमधला चहा झाकणात ओतून द्यायचा आणि दोघं मिळून केंद्रप्रमुख बाईंच्या नव्या नियमांची यथेच्छ सालटी काढायचे. चार महिन्यांपासून ती सीट रिकामी होती. एक्केचाळिसाव्या वर्षी या माणसाला डॉक्टर व्हायचं होतं. संध्याकाळी तो सतरा-अठरा वर्षांच्या मुलांमध्ये शिकवणीला बसे. तिथली एक मुलगी त्याला काका म्हणे आणि त्याच्या शंका सोडवी. ‘ती म्हणते’ हे दोन शब्द दिवसातून चौथ्यांदा कानावर आले की ड्रायव्हरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याखाली आणखी एक गोष्ट होती, ती तो कुणाजवळ बोलत नसे. हा वर जाणार होता आणि आपण स्टिअरिंगलाच राहणार होतो.

गाडीच्या पुढच्या आणि मागच्या भागांच्या मध्ये जाड काच होती. भोंगा सुरू असला की हाका पोचत नसत, म्हणून दोघांनी काचेवरच्या ठोक्यांची भाषा ठरवली होती. दोन ठोके म्हणजे पळव. तीन म्हणजे बाजूला घेऊन थांब. एकच ठोका म्हणजे आता घाई नको, माणूस गेला. दुसऱ्या कुठल्याच गाडीवर ही भाषा कुणाला येत नव्हती. आता ही मागची जागा उद्या भलताच कुणी घेणार आणि त्याला सगळं पहिल्यापासून शिकवावं लागणार, या विचाराने ड्रायव्हरला आतापासूनच त्या न आलेल्या माणसाचा राग येत होता.

“दादा, एक विचारायचंय,” परिचारक शेजारच्या सीटवर बसत म्हणाला. किती दिवसांनी बसला होता. “दोन रस्ते आहेत. एक, आपल्याच रुग्णालयाच्या कॉलेजात संध्याकाळची पदवी. पाच वर्षं. नोकरी राहील, गाडी राहील. मग वैद्यकीयला अर्ज करायचा.”

“झालं तर मग.”

“दुसरा, मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी पूर्ण वेळेचं एक वर्ष असतं. दुसऱ्या शहरात. ते नीट पार पडलं की थेट वैद्यकीय. पण नोकरी सोडायची. नापास झालो तर इथले परत घेणार नाहीत.”

“मग विचारतोस काय? संध्याकाळची घे.”

“पाच वर्षांनी मी शेहेचाळिसाचा होईन.”

“ते तू तसाही होणारच आहेस.”

परिचारक हसला. मग त्याने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला.

“शुक्रवारपर्यंत अर्ज द्यायचाय. कुठे जायचं, तिथे खूण करायची फक्त. हे मात्र दोन्हीकडे लागतं, सोबत काम करणाऱ्याचा अभिप्राय. तुम्ही भरायचा आणि पाकीट बंद करून द्यायचं. मी वाचायचा नाही.”

“माझ्याकडून? बाईंना सांग, इंग्रजी झाडतील.”

“बारा वर्षं बाई होत्या का गाडीत?”

मंगळवारी सुट्टी होती. दुपारी ड्रायव्हर खिडकीजवळ चष्मा लावून तो कागद घेऊन बसला. बायको समोर पडद्याची शिवण उसवत होती.

“काय म्हणतेय तुमची सवत?” तिने विचारलं.

“कोण सवत?”

“रसायनशास्त्र.”

“तोंड आवर.”

“मी आवरते हो. पण चार महिने झाले, जेवताना दुसरा विषय नाही. माझ्या माहेरच्यांनी लग्नात घोळ घातला होता, त्यावरही इतके दिवस चिडला नव्हतात.”

पहिले सहा प्रश्न सोपे होते. वक्तशीरपणा, स्वच्छता, रुग्णांशी वागणूक. ड्रायव्हरने सगळीकडे ‘उत्तम’ लिहिलं, कारण दुसरं काही लिहिता येईना. सातवा प्रश्न असा होता: अर्जदाराच्या हातून गंभीर चूक झालेली तुम्हाला ठाऊक आहे का? असल्यास सविस्तर लिहा.

त्याला ठाऊक होती. सात वर्षांपूर्वी एका शीतगृहात अडकून पडलेली कामगार बाई त्यांनी उचलली होती. अंग लाकडासारखं गार. पुलावर परिचारकाने एक ठोका दिला. गाडी तशीच धावत राहिली. तीन-चार मिनिटांनी घाईघाईने दोन ठोके आले, कारण मास्कवर वाफ धरली होती. बाई जगली. रुग्णालयाच्या मागच्या भिंतीपाशी परिचारकाने ओकारी काढली आणि तोंड पुसत विचारलं, “मी घाई नको म्हणून सांगितलं होतं. तुम्ही वेग का कमी केला नाहीत?” तेव्हा ड्रायव्हर म्हणाला होता, “मला पटलं नाही.” ही गोष्ट त्या दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

त्याने सगळं लिहिलं. जिवंत बाईला मेलेली ठरवलं, हे तर दोनदा लिहिलं. ‘मी माझ्या अंदाजाने वेग कमी केला नाही’ या वाक्यापाशी पेन जरा घुटमळलं, मग पुढे गेलं. असा अभिप्राय वाचून कुठलंही कॉलेज दार लावून घेईल. परिचारक थोडे दिवस तोंड पाडून बसेल आणि मग पुढच्या सीटवर येईल. ड्रायव्हरने पाकिटाची कड जिभेने ओली करून चिकटवली. त्याला बरं वाटलं, अगदी हलकं वाटलं, आणि चहा मागताना त्याने बायकोशी थट्टाही केली.

गुरुवारी सकाळी पाकीट शर्टाच्या खिशात घालून तो केंद्रावर पोचला. परिचारक गाडीचं मागचं दार उघडून हातमोज्यांची खोकी लावत होता.

“बरं झालं आलात. हे अर्जासोबतचं माझं निवेदन, डॉक्टर का व्हायचंय त्याचं. मजकूर खरा आहे म्हणून साक्षीदाराची सही लागते. वाचा आधी, उगाच सही ठोकू नका.”

ड्रायव्हरने चष्मा लावला. निवेदन दीड पानांचं होतं, आणि त्यात फक्त त्या शीतगृहातल्या बाईची हकिकत होती.

‘मी तिची नाडी जेमतेम दहा सेकंद पाहिली,’ परिचारकाने लिहिलं होतं. ‘शरीर गारठलं की नाडी इतकी मंद होते की पूर्ण मिनिटभर पाहावी लागते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही शिकून घेतलं नव्हतं. मी ती गेल्याचा इशारा दिला. माझ्या सहकाऱ्यांना तो पटला नाही आणि त्यांनी वेग कमी केला नाही. मला सात वर्षं त्यांचा हेवा वाटत आला आहे. त्यांना काचेपलीकडून जे कळलं, ते मला नाडीवर बोट ठेवून कळलं नाही. त्यांच्याकडे ते उपजत आहे. मला ते शिकूनच मिळवावं लागेल.’

ड्रायव्हरने ते पुन्हा वाचलं. हेवा हा शब्द तिथे स्वच्छ अक्षरात लिहिलेला होता, त्याच्या नावावर.

“हे असं नाही,” तो म्हणाला.

“काय असं नाही?”

“पटलं नाही वगैरे काही नव्हतं. तो ठोका माझ्या कानावर आलाच नाही. पुलावर एक टेम्पो आडवा घुसला होता, मी हॉर्नवर हात ठेवून त्याला शिव्या देत होतो. नंतरचे दोन तेवढे आले.”

परिचारकाने हातातलं खोकं बंद केलं, पुन्हा उघडलं.

“सात वर्षं सांगितलं नाहीत.”

“तू ज्या नजरेनं बघायला लागलास ना माझ्याकडे त्या दिवसापासून, ती मला आवडायची.”

“म्हणजे गाडीत दोघं होतो, आणि दोघांनाही काही कळलं नव्हतं.”

“नाही.”

“टेम्पोमुळे वाचली ती.”

“तसंच म्हण.”

परिचारक पायरीवर बसला. ड्रायव्हरने खिशातलं पाकीट काढलं, फाडलं आणि आतला कागद त्याच्यापुढे धरला.

“यातही मी तेच खोटं लिहिलंय. बघ.”

“हे मी वाचायचं नसतं.”

“वाच.”

परिचारकाने सातवा प्रश्न वाचला. जिवंत बाईला मेलेली ठरवलं, हे दुसऱ्यांदा आलं तिथे त्याचे कान लाल झाले.

“कधी लिहिलंत?”

“मंगळवारी.”

“मी जाऊ नये म्हणून?”

“हो. जळलो तुझ्यावर. त्या पुस्तकावर जळलो, त्या शंका सोडवणाऱ्या पोरीवर जळलो. अजून जळतोय.”

समोर दुसऱ्या एका गाडीचं इंजिन सुरू झालं आणि ती निघून गेली. मग परिचारकाने खिशातलं पेन काढून ड्रायव्हरपुढे धरलं.

“‘माझ्या अंदाजाने’ एवढं खोडा,” तो म्हणाला. “बाकी खरं आहे. राहू द्या.”

ड्रायव्हरने कागद गाडीच्या पत्र्यावर टेकवला. त्या दोन शब्दांवर रेघ मारून त्याने वर ‘ठोका ऐकू न आल्याने’ असं लिहिलं आणि शेजारी छोटी सही केली. परिचारकाने पेन परत घेतलं. निवेदनातल्या ‘पटला नाही’च्या आणि हेव्याच्या ओळी त्याने एकेक करून खोडल्या, अर्जाचं पहिलं पान गुडघ्यावर घेतलं आणि दुसऱ्या शहराच्या चौकटीत खूण केली. या वेळी त्याने दादांना विचारलं नाही.