रोजच्या आवाजात

ऑफिसच्या भिंतीवरची आपली चिठ्ठी कोणीतरी हलवली आहे हे गोपालच्या आल्याआल्या लक्षात आलं. काल संध्याकाळी ‘क्रेट मोजले’ ही त्याची हिरव्या शाईतली चिठ्ठी ‘गाडी आली’च्या शेजारी होती. आज ती वीतभर खाली, एका निळ्या चिठ्ठीला चिकटून बसली होती. विचारावं, तर तोंड उघडायची सोय नव्हती. भिंतीपाशी उभं असताना कोणी बोलायचं नाही, असा नियम होता.

त्याने रुचिकाकडे रोखून पाहिलं. रुचिका वयाने सगळ्यात लहान, कॉलेजातून निघून सरळ इथे लागलेली. तिने खांदे उडवले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पियुषकडे पाहिलं, तर तो पेनचं टोपण चावत होता. राहिला धर्मेंद्र. हा मौनाचा कारभार ज्याने आणला तो, सगळ्यांचा प्रमुख. तो भिंतीकडे तोंड करून शांतपणे चिठ्ठ्या लावत होता आणि गोपालला त्याच्या शांतपणाचाच सगळ्यात जास्त राग होता.

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात त्याने रुचिकाला गाठलं.

“माही चिठ्ठी कोणं हालवली वो?”

“कोणी नाई जी गोपालभाऊ. पंख्याच्या हवेनं पडली होती. मीच चिकटवली सकाळी.”

“पंख्याच्या हवेनं माहीच काऊन पडते? बाकीच्यायच्या नाई पडत?”

रुचिकाने डबा उघडला आणि विषय संपवला. गोपालचा मात्र संपला नाही.

वर्ध्यात, पंप आणि पाइपांच्या दुकानाच्या वर हे ऑफिस होतं. खाली सदाशिवरावांचं दुकान, वर सदाशिवरावांचंच सॉफ्टवेअर. गोपाल सेलूहून रोज बसने यायचा. टायपिंगच्या क्लासमधून कॉम्प्युटरवर आला, कॉम्प्युटरवरून इथे, आणि इथे तपासनीस झाला. दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, सापडली की कळवायची. कोणाचीही असो. एकदा त्याने खुद्द सदाशिवरावांच्या दुकानाच्या बिलातली चूक काढली होती आणि ती सगळ्यांसमोर सांगितली होती. थोडक्यात, संशय घेण्याचाच त्याला पगार मिळत होता, आणि हा माणूस संध्याकाळी तो संशय ऑफिसात ठेवून घरी जात नसे. “तुमाले तर देवळातल्या घंटीवर बी संशय येते,” असं त्याची बायको मंजुषा म्हणायची.

धर्मेंद्रवर तर त्याचा संशय पहिल्या दिवसापासून होता. पुण्यातली मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून माणूस वर्ध्यात कशाला येईल? विचारलं तर म्हणाला, “घरचं होतं थोडं.” थोडं म्हणजे काय, ते कधी सांगितलं नाही. आला, आणि महिन्याभरात त्याने बैठका बंद केल्या. भिंतीला तपकिरी कागद लावला, प्रत्येकाला एकेक रंगाचं पेन दिलं. आष्टीकडच्या एका संत्रा पॅकिंग केंद्राचं काम आलं होतं. शेतातून गाडी येते तिथपासून पेटी बाहेर जाते तिथपर्यंत काय काय घडतं, ते ज्याने त्याने चिठ्ठ्यांवर लिहायचं आणि क्रमाने लावायचं. दुसऱ्याचं पटलं नाही तर काढायचं नाही, आपली चिठ्ठी तिरपी करून शेजारी लावायची. शेवटी फेरी. एकाने आपलं बोट म्हणजे एक क्रेट असं धरायचं आणि ते पहिल्या चिठ्ठीपासून शेवटच्या चिठ्ठीपर्यंत न्यायचं. जिथे अडलं तिथे लाल ठिपका. ठिपके वर्ध्यात मिळाले नाहीत, म्हणून रुचिकाने बाजारातून लाल टिकल्यांची पाकिटं आणली होती.

हे सगळं एक शब्द न बोलता. “बोललं की ज्याचा आवाज मोठा त्याचंच खरं होतं,” एवढंच धर्मेंद्रने कारण सांगितलं होतं.

दुसऱ्या कुठल्या गावी मालकाने त्याला वेड्यात काढलं असतं. पण हे वर्धा. सेवाग्राम हाकेच्या अंतरावर. सदाशिवरावांच्या वडिलांनी जन्मभर सोमवारचं मौन पाळलं होतं. मौन म्हटल्यावर सदाशिवरावांनी हातच जोडले. खाली पाइप घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा ते अभिमानाने सांगायचे, “आमच्याकडे वर मौन पाळून काम चालते.”

गोपालच्या घरी मात्र न बोलण्याचा अर्थ वेगळा होता. मूळ गावी, आंजीला, त्याचे वडील आणि काका शेताच्या एका धुऱ्यावरून, हातभर बांधावरून, वर्षानुवर्षं बोलत नव्हते. एका अंगणात बसायचे आणि “त्याले सांगजो,” म्हणून मधल्या पोराला निरोप द्यायचे. ते मधलं पोर म्हणजे गोपाल. माणसं गप्प बसली की कोणीतरी कोणाचा तरी काटा काढतं आहे, हे तो तेव्हापासून धरून चालला होता.

आणि आता तर पुरावाच होता. प्रत्येकाला वेगळा रंग कशाला? कोण किती कामाचा ते मोजायला. रोज संध्याकाळी धर्मेंद्र भिंतीचा फोटो काढायचा, तो कोणाला पाठवायचा? फोन आला की उचलायचा नाही, कट करून मेसेज टाकायचा. म्हणजे बोलणं आमच्या कानावर पडू नये. बसायची जागासुद्धा कोपऱ्यातली, पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. कोण येतं, कोण जातं, सगळ्यांवर नजर. विनोद झाला की सगळे हसल्यावर मग हा हसायचा, आधी सगळ्यांची तोंडं न्याहाळून. एवढा सावध माणूस सरळ कसा असेल?

त्यात परवा सदाशिवराव जिन्यात म्हणाले होते, “हे संत्र्याचं काम होऊ द्या. मंग पाहू किती माणसं लागतेत ते.” त्या दिवसापासून गोपालला जेवण गोड लागत नव्हतं. भिंतीवर सगळ्यात कमी चिठ्ठ्या हिरव्या होत्या. पन्नाशीला टेकलेल्या तपासनिसाला वर्ध्यात दुसरं दार नव्हतं, आणि नागपूरला पोरं त्याच्या निम्म्या वयाची होती.

शुक्रवारी सकाळी तो खाली दुकानात गेला.

“शेठजी, जेवण झाल्यावर वर या जरा. तुमच्या नाकाखाली काय चालून राह्यलं ते दाखवतो.”

“घोटाळा हाय का?”

“मले तर दिसून राह्यला. तुमी या, मी सिद्ध करतो.”

“पाहा बरं गोपालराव. उगाच कोणाचं नाव घेऊ नका.”

“आजवर माही तपासणी चुकली का?”

सदाशिवरावांना नाही म्हणता आलं नाही.

दुपारी सगळे भिंतीपाशी उभे राहिले. धर्मेंद्र सगळ्यात पुढे होता, सगळ्यांकडे पाठ करून. गोपालने बेत साधाच केला होता. नियम मोडायचा. सरळ विचारायचं, पण पाठीमागून, म्हणजे सावरायला वेळ मिळणार नाही. चोर असेल तर दचकेल, नसेल तर चिडेल. दोन्हीतून काहीतरी कळेल. शेठजी जिना चढतच असतील, त्यांच्याही कानावर पडेल.

तो धर्मेंद्रच्या मागे दोन हातांवर गेला आणि म्हणाला, “धर्मेंद्रभाऊ, हे सारं आमाले काढून टाकाले करून राह्यले ना तुमी?”

रुचिकाचं पेन थांबलं. पियुष गर्रकन वळला. त्या मुक्या खोलीत ते वाक्य केवढं तरी मोठं वाटलं.

धर्मेंद्र चिठ्ठी लावत होता. ‘माल धुतला’. त्याने तिचे चारही कोपरे अंगठ्याने एकेक करून दाबले. एक कोपरा सुटत होता, तो पुन्हा दाबला. मग दुसरी चिठ्ठी उचलली.

गोपालला वाटलं, ढोंग करतोय. तपासणी दोनदा केल्याशिवाय चूक धरायची नाही, ही त्याची सवय. त्याने या वेळी नुसतं नावच घेतलं.

“धर्मेंद्रभाऊ.”

काही नाही. मान नाही, खांदा नाही.

आणि मग गोपालला एकेक गोष्ट आठवत गेली. न उचललेले फोन. कोपऱ्यातली ती जागा, जिथून सगळ्यांचे ओठ हलताना दिसतात. उशिराचं हसू. बंद केलेल्या बैठका. पुण्याहून परत येणं. एवढे दिवस त्याने सगळं बरोबर टिपलं होतं आणि बेरीज मात्र पार चुकवली होती. हा माणूस त्यांच्यापासून काही चोरत नव्हता. जे त्याच्याकडून जात होतं तेच तो झाकत होता, आणि त्यासाठी त्याने सगळं ऑफिस गप्प केलं होतं.

रुचिकाने तोंडावर हात घेतला होता. तिलाही कळलं होतं.

जिन्यात चपला वाजल्या. सदाशिवराव दारात आले, धापा टाकत.

“हं, काय सापडलं गोपालराव? दाखवा.”

पेन घ्यायला धर्मेंद्र वळला, तर सगळ्यांच्या माना दाराकडे वळलेल्या. त्याने आधी मालकाकडे पाहिलं, मग प्रत्येकाच्या तोंडाकडे. रुचिकाच्या तोंडावर तो जरा जास्त थांबला. त्याच्या हातातली चिठ्ठी तशीच राहिली.

 सांगायचं काम गोपालचं होतं. उभ्या जन्मात त्याने सापडलेली चूक दाबली नव्हती. ‘प्रमुखाला ऐकू येत नाही’ एवढं म्हटलं की त्याची स्वतःची खुर्ची पक्की होती. गिऱ्हाइकाशी बोलायला, फोनवर भांडायला सदाशिवरावांना कान असलेला माणूस लागणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. जीभ अगदी टोकाशी आली.

“काई नाई शेठजी,” तो म्हणाला. “माहीच चूक झाली.”

“म्हणजे?”

“मी भलतंच समजलो. घोटाळा-बिटाळा काई नाई. काम बरोबर चालून राह्यलं.”

“अन् त्याच्यासाठी मले गिऱ्हाईक सोडून वर बोलावलं?” सदाशिवरावांचा चेहरा लाल झाला. “सकाळी तर मोठ्या तोऱ्यात म्हणत होते, माही तपासणी चुकत नाई म्हणून. वय झालं वाटते तुमचं गोपालराव. पाहा लागन आता.”

“पाहा जी,” गोपाल म्हणाला.  चार लोकांत असं कोणी त्याला आजवर बोललं नव्हतं, आणि “पाहा लागन”चा अर्थ त्याला पुरता ठाऊक होता. सदाशिवराव पुटपुटत खाली गेले.

 धर्मेंद्रने कोरी चिठ्ठी घेतली, निळ्या पेनने काहीतरी लिहिलं आणि ती भिंतीवर न लावता गोपालपुढे धरली. आपण काय म्हणालो ते तो विचारील, अशी गोपालला भीती होती. धर्मेंद्रने ते विचारलंच नव्हतं.

‘मागून बोललात ना? किती जोरात?’

गोपालने हिरवं पेन उघडलं. ‘अगदी हळू’ लिहावं असं त्याच्या मनात आलं. कोणाचं काय बिघडणार होतं? मालकाशी तो आत्ताच खोटं बोलला होता, आणखी एक सहज बोलता आलं असतं. पण समोरच्या डोळ्यांत नुसती विचारणा होती, तपासणीचा निकाल मागावा तशी. त्याला खरंच कळत नव्हतं, किती गेलं आणि किती उरलं ते. हे त्याला नेमकं सांगायचं काम बोलणाऱ्याचंच होतं.

त्याने खाली लिहिलं, ‘रोजच्या आवाजात.’

धर्मेंद्रने ते वाचलं. एकदा, मग परत एकदा. मान हलवली, चिठ्ठीची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मग टेबलावरचं लाल टिकल्यांचं पाकीट उचलून त्याने गोपालच्या हातात दिलं. आजची फेरी गोपालची होती. गोपाल पहिल्या चिठ्ठीपाशी गेला, पण बोट ठेवण्याआधी थोडा बाजूला सरकला, त्याचं तोंड धर्मेंद्रला दिसेल असा.