हिरव्या दाराची फियाट

मी वामनरावांची फियाट. धंतोलीत फाटकाशी उभी असायची तीच, अंगानं पांढरी आणि मागचं एक दार हिरवं. अर्ध्या नागपूरला मी तोंडओळखीची आहे. मी काय काय पाहिलं ते सांगितलं, तर त्यातल्या बऱ्याच जणांना ही ओळख नको होईल. तरी सांगते.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यात, चौसष्ट साली. वामनरावांनी नंबर लावला तेव्हा त्यांचे केस काळे होते, मी आले तेव्हा पिकले होते. मला वाटलं, इतकी वाट पाहिलेला माणूस आता मला पळवणार. त्यांनी माझ्या चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर नारळ आपटला, त्याचा पोचा अजून आहे. मग मला फाटकाशी उभं केलं आणि मी उभीच राहिले.

संध्याकाळी वामनराव आणि त्यांचे पेन्शनर दोस्त माझ्यात येऊन बसत. कुठे जायला नाही, पेपर वाचायला. धूळ येते म्हणून काचा बंद. वामनराव मोठ्यानं वाचत, "जर्मनीत ताशी दोनशेनं पळणारी गाडी निघाली." ते माझ्या स्टिअरिंगवर कोपर टेकून, मी जागेवर.

"सरकार छोटी गाडी काढून राहिलं म्हणते," गणपतराव म्हणत. "मी तं निळीच घेतो."

"निळी मळते गा."

गणपतरावांकडे सायकल होती, तीही जावयाची. वर्षानुवर्षं ही माणसं न निघालेल्या गाडीचा रंग ठरवत होती आणि निघालेल्या गाडीत बसून घाम पुसत होती. मी थक्क होऊन ऐकायची.

कधी बाहेर काढलंच, तर उतारावर इंजिन बंद. पेट्रोल वाचतं म्हणे. सीताबर्डीच्या उतारावर मी अशीच मुक्यानं घरंगळत होते, टांगा आडवा आला आणि दार गेलं. जुन्या बाजारात दुसरं मिळालं ते हिरवं. ड्रायव्हर बळीराम म्हणाला, रंगवून घेऊ.

"दारावर गाडी चालते का गा?" वामनरावांनी विचारलं. विषय संपला.

पण हे सगळं किरकोळ. माझा खरा उपयोग होता मुली पाहायला जाण्यासाठी.

वामनरावांच्या ओळखीत ज्याच्या घरी लग्नाचा पोरगा, तो मला मागून न्यायचा, बळीरामसकट. मुलीच्या दारात सांगायचं, गाडी घरची आहे. बळीरामला ताकीद, तोंड उघडायचं नाही. पहिल्या खेपेला मला वाटलं, यांची काहीतरी चूक झाली. नंतर कळलं, ही चूक नाही, रीत आहे. रोज पूजा करणारी, खोटं बोलला म्हणून पोराला पट्ट्यानं बडवणारी ही वडीलधारी माणसं माझ्या जोरावर सुना आणत होती. त्या सुना सासरी आल्या की आधी गाडी कुठे ते शोधत, असं बळीराम सांगायचा. सांगताना हसायचा नाही.

शहात्तरच्या उन्हाळ्यात भैय्याजी मला घेऊन गेले. वामनरावांचे जुने ऑफिसमित्र. सोबत बायको पार्वतीबाई आणि पोरगा मधुकर, टेरिलिनच्या शर्टात. मुलगी उमरेडला, देवरावांची गोपिका.

त्या गल्लीत वळल्याबरोबर मी ओळखलं. हे घर मी पाहिलं होतं. दिवाळीनंतर इथेच येऊन गेले होते, तेव्हा माझ्यात केशव नावाचा दुसराच पोरगा होता आणि त्याला मुलगी सावळी वाटली होती. बळीरामनंही ओळखलं. पण तोंड उघडायचं नाही असं बजावलेलं, त्यानं उघडलं नाही. उलट भैय्याजींनीच मला ओसरीला अगदी लावून उभी करवली, शेजाऱ्यांना दिसावी म्हणून. हिरवं दार गल्लीकडे होतं.

ओसरीत चादरीखाली एक नवी स्कूटर होती. सीटवर प्लास्टिक, हँडलला वाळलेला हार.

"पोरगी सातवीत होती तवाच नंबर लावला," देवराव कौतुकानं सांगू लागले. "जावयासाठी. आता आली पाहा."

"मुलगी मास्तरीण आहे म्हणे?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"हो ना. पण यस्टीचा काही भरोसा नाही, फाट्यावरून पायी जा लागते. ही एकटीच मास्तरीण, शाळा उशिरा उघडते म्हणून साहेबानं लिहून पाठवलं. आणखी एक डाव उशीर झाला तर घरी बसा."

"मंग बसू द्या ना घरी," भैय्याजी म्हणाले. "आमच्याकडे काय कमी आहे? गाडी दारात उभी आहे."

माझी पाण्याची टाकी उकळायची बाकी राहिली. पोरगी रोज उन्हात पायी जाते, त्यापायी नोकरी जाऊ घातली आहे, आणि तिच्याच घरात धडधाकट स्कूटर चादर पांघरून नवरदेवाची वाट पाहते. आणि बाप हे कौतुकानं सांगतो. असलं डोकं कोणत्या कारखान्यात बनतं?

मधुकरनं चादर ओढली, किल्ली मागितली आणि स्कूटरवर बसून हॉर्न वाजवून पाहिला.

गोपिका कोथिंबिरीच्या सांबारवडीची ताटली घेऊन बाहेर आली. ठेवता ठेवता थांबली. पायरी उतरून माझ्या मागून फिरून पलीकडे गेली, दार पाहिलं, परत आली.

"बाबा, ही गाडी आली होती आपल्याकडे. तवा ही केशवरावाच्या घरची होती."

"अशा गाड्या पुष्कळ असतात, बाई," भैय्याजी म्हणाले.

"हिरव्या दाराच्या?"

तिनं माझ्या खिडकीशी येऊन बळीरामला विचारलं, "काका, गाडी कोणाची?"

बळीरामनं एकदा भैय्याजींकडे पाहिलं. "वामनरावाची, बाई. मीपण त्यायचाच."

मला वाटलं, आता देवराव यांना हाकलतील. देवरावांनी हात जोडले. भैय्याजींपुढे. "गाडी कोणाची का असेना. पोरगा चांगला आहे. स्कूटर आजच घेऊन जा पाहिजे तं."

इतक्या वर्षांत मी पुष्कळ पाहिलं, पण त्या जोडलेल्या हातांनी मी जितकी हादरले तितकी टांग्यानंही हादरले नव्हते.

गोपिका मधुकरसमोर जाऊन उभी राहिली. हात पुढे केला. "किल्ली."

"तुले येते का चालवता?" मधुकर हसला.

"तुले येते का?"

त्याला येत नव्हती. बसला होता तसा उतरला आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. पार्वतीबाई म्हणाल्या, अशी तोंडाळ पोरगी कोण करील. वडी मात्र त्यांनी रुमालात बांधून घेतली.

निघताना मी सुरू झाले नाही. मुद्दाम नाही, म्हातारपण. भैय्याजी आणि मधुकर गल्लीभर मला ढकलत होते, टेरिलिन पाठीला चिकटलेलं. मागच्या काचेतून मला अंगण दिसत होतं. गोपिका स्कूटरवर बसली, दोन हात गेली, पडली. उठली, पुन्हा बसली. देवराव काहीतरी ओरडत होते. मग इंजिन लागलं आणि मला ऐकू आलं नाही.

आता मी लकडगंजला लाकूड कापायच्या एका आरा मशीनच्या मागे पडून आहे. चाकं कोणी नेली, मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. ती छोटी गाडी अखेर निघाली म्हणतात. गणपतरावांनी नंबर लावला आहे. निळी.

बळीराम अधूनमधून येतो, बॉनेटवर बसून बिडी ओढतो. गोपिकेचं लग्न अजून झालं नाही, असं वामनराव चुकचुकत सांगतात म्हणे. शाळा वेळेवर उघडते, हे कोणी सांगत नाही. ते बळीरामनं स्वतः पाहिलं. यस्टीत होता, बाई स्कूटरवर बाजूनं पुढे निघून गेली.

माझं संपलंच आहे, भंगारवाला येऊन पाहून गेला. जाण्याआधी तुम्हा वडीलधाऱ्यांना एकच सांगते. तुमच्या ओसरीत पोरीच्या नावानं काही झाकून ठेवलं असेल, तर आजच चादर काढा आणि किल्ली तिच्याकडे द्या. जावई येतील तेव्हा येतील, पायी येतील.